खंडव्यावरून नको

सीताफळं आली. राजापेठेच्या कोपऱ्यावर बायका टोपल्या मांडून बसल्या आहेत आणि फळ बोटानं दाबून पाहणाऱ्यांवर ओरडताहेत. दुपारचं ऊन मे महिन्यासारखं भाजतं, पहाटे मात्र पायांवर चादर ओढावी लागते. वलगावच्या रस्त्याला सोयाबीन निघालेली शेतं उघडी पडली आहेत, त्यांच्या शेजारी कपाशीची बोंडं फुटताहेत. धड पावसाळा नाही, धड हिवाळा नाही. पुस्तकात याला शरद म्हणतात. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, ऋतूंची नावं मला पाठ आहेत, पण आमच्या अमरावतीत या दिवसांना काय म्हणावं ते मला कधी कळलं नाही. अंगात स्वेटर घालावा की पंखा लावावा, इथपासून गोंधळ.

मागच्या वर्षी याच दिवसांत मी जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसले होते. सहलीचा बेत चालला होता. सहा दिवस, दोन गावं: तीन दिवस बुऱ्हाणपूर, तीन दिवस उज्जैन. सोबत माझी थोरली बहीण, कुसुमताई. ती अकोल्याला असते. माझे मेहुणे, म्हणजे तिचे वकीलसाहेब, जाऊन दोन वर्षं झाली होती आणि तेव्हापासून ती घराबाहेर फारशी पडली नव्हती. म्हणून मीच ठरवलं की कोजागिरी झाली की दोघींनीच निघायचं. धावपळ नाही, पहाटेची दर्शनं नाहीत, मन मानेल तेव्हा उठायचं. कागदावर मी तसं लिहिलंसुद्धा होतं. ‘सकाळी ८ ते १० : निवांत.’ त्याखाली, ‘१० ते १०.३० : निघण्याची तयारी.’

ह्यांनी चष्मा वर करून तो कागद वाचला आणि म्हणाले, "तुझा निवांतपणा वाचूनच मले दम लागला."

ही दोनच गावं का, याला कारण होतं. ताईचं लग्न झालं तेव्हा मी चौदा वर्षांची होते. लग्न मेमध्ये झालं, आणि पहिल्या दिवाळसणानंतर, कोर्टाला सुट्टी होती म्हणून, वकीलसाहेब तिला फिरायला घेऊन गेले. बुऱ्हाणपूर आणि उज्जैन. परत आल्यावर ती चार दिवस आमच्याकडे अमरावतीला राहिली. गच्चीवर डाळी वाळत घातल्या होत्या. त्या राखत आम्ही दोघी बसायचो आणि ती सांगायची. बुऱ्हाणपूरच्या किल्ल्यातलं बेगमेचं न्हाणीघर, त्याच्या छतावरची रंगीत वेलबुट्टी, मध्ये बसवलेले आरसे, एक दिवा लावला की हजार दिसतात. खाली तापी. उज्जैनला वेधशाळेत सावली पाहून वेळ सांगणारा दगडी ओटा. ती अशी सांगायची की मला त्या छताखालचा गारवा अंगावर जाणवायचा. मी इतिहास घेतला तो त्या चार दिवसांमुळे. पुढे वर्गात मुघल शिकवताना पुस्तकातला काळपट फोटो दाखवून मी दरवर्षी सांगायची, "हे छत माझ्या सख्ख्या बहिणीनं डोळ्यांनी पाहिलंय." मुलं मान वर करून आमच्या शाळेच्या पत्र्याकडे बघायची.

स्वतः मात्र मी कधी गेले नव्हते. बुऱ्हाणपूर इथून काही फार लांब नाही, तरीही राहून गेलं.

तर बेत. मी फोन केला तेव्हा ताई पहिल्यांदा लगेच हो म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिचाच फोन आला. "नलू, बुऱ्हानपूर राहू दे. सरळ उज्जैनले जाऊ."

"कावून? तूच तं म्हनते का तिथलं छत पाहाले जलम घ्यावा."

"मी पाहेल हाये ना."

"पन मी कुठं पाहेल हाये?"

मग ती म्हणाली, "बरं. ठेव."

तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन. बुऱ्हाणपूर चालेल, उज्जैन चालेल, पण खंडव्यावरून नको. आता बुऱ्हाणपूरहून उज्जैनला जाताना खंडवा वाटेतच लागतं. तिथं उतरून बस धरायची, एवढाच काय तो त्या गावाशी संबंध. ताई म्हणे, मग बुऱ्हाणपूर पाहून घरी परत येऊ, दोन दिवस दम घेऊ, आणि नागपूर-भोपाळवरून उज्जैनला जाऊ. ह्यांनी नकाशावर बोट फिरवून पाहिलं. "कुसुमताईले सांग, ही सहल हाये का निवडनुकीची ड्युटी?"

मी हसले, पण मला काही कळेना. मी तीन वेगळे कागद केले. एकात खंडवा होतं, एकात नव्हतं, एकात बुऱ्हाणपूरच नव्हतं. ताईनं तिन्हींना हो म्हटलं आणि तिन्ही मोडले. मला वाटलं, तिला यायचंच नसेल. मग वाटलं, आठवणी टोचत असतील, नवऱ्याबरोबर गेलेली गावं ती. मग वाटलं, तसं असेल तर उज्जैन कसं चालतं? टोचायचं तर दोन्ही टोचायला हवीत. आणि खंडव्यात असं काय आहे? शेवटी मी एसटीत बसले आणि अकोल्याला गेले.

मूर्तिजापूरच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी पांढरी होत होती. खिडकीतून सोयाबीनच्या कुटाराची, म्हणजे भुशाची, वाळकी धूळ आत येत होती. मी मनात वाक्यं जुळवत होते, जशी पालकांना बोलवून घेतल्यावर जुळवायची.

ताई जठारपेठेतल्या घरात पुढच्या खोलीत बसली होती. ते वकीलसाहेबांचं ऑफिस. कायद्याची पुस्तकं अजून तशीच भिंतीला लागून होती. ती सांबारवडीसाठी सांबार निवडत होती, म्हणजे कोथिंबीर. आमच्याकडे तिला सांबारच म्हणतात. मी समोर बसले, मीही एक जुडी ओढली.

"ताई, खंडव्यात काय हाये?"

तिनं काड्या बाजूला केल्या, पानं बाजूला केली. मग मान वर न करता म्हणाली, "मी बुऱ्हानपूर पाह्यलं नाई, नलू. उज्जैनही नाई पाह्यलं."

मला वाटलं माझं ऐकण्यात काही चुकलं.

मग तिनं सांगितलं. तेव्हा अकोल्याहून खंडव्याला छोटी गाडी जायची, मेळघाटच्या डोंगरातून, रमतगमत. खंडव्याला उतरून मोठ्या लाइनीची गाडी पकडून बुऱ्हाणपूरला जायचं होतं. सकाळ होती. खंडवा स्टेशन यायला थोडा वेळ होता, वकीलसाहेब सामान काढायला उभे राहिले, आणि बोलता बोलता त्यांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं. ते कोसळले. हातपाय झटकायला लागले. कुणी कांदा मागितला, कुणी पायातली चप्पल काढून त्यांच्या नाकाशी धरली. ताई एकवीस वर्षांची. लग्नाला पाच महिने झालेले. तिला वाटलं, माणूस गेला.

"फीट होती," ताई म्हणाली. "लहानपनापासून होती त्यायले. आपल्याकडे कोनीच सांगतलं नव्हतं."

प्रवाशांनी त्यांना उतरवून स्टेशनाजवळच्या धर्मशाळेत नेलं. तिथल्या एका डॉक्टरांनी पाहिलं, औषध दिलं, आठवडाभर प्रवास नको म्हणाले. त्याच डॉक्टरांनी ताईला शिकवलं, फीट आली तर काय करायचं. कुशीवर वळवायचं, गळ्याचं बटण सोडायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळाकडे बघायचं, आणि घाबरायचं नाही. सहा दिवस ती दोघं त्या खोलीत होती. पहिल्याच रात्री वकीलसाहेब रडले. म्हणाले, मी फसवलं तुला, तू माहेरी जा, मी कुणाला दोष देणार नाही.

"मंग?"

"मंग मी म्हनलं, माहेरी काय सांगू? तुमी मले बुऱ्हानपूर दाखवतो म्हनून आनलं. तं ते म्हनले, दाखवतो. त्यायनं ती गावं कॉलेजात असताना पाह्यली होती. खाटेवर पडल्या पडल्या दाखवलं. तीन दिवस बुऱ्हानपूर, तीन दिवस उज्जैन."

कोथिंबिरीच्या काड्या माझ्या हातात तशाच राहिल्या.

परत निघताना त्यांनी तिच्याकडून वचन घेतलं. कुणाला सांगायचं नाही, आईबापाला नाही, पुढे मुलं झाली तर त्यांनाही नाही. एकदा कळलं की कोर्टात कुणी पुढे उभं करणार नाही, लोक वकिलाकडे नाही, त्याच्या दुखण्याकडे बघतील. तिनं शब्द दिला आणि पाळला. रोजच्या गोळीला घरात डोकेदुखीची गोळी म्हणायचे. औषध लागू पडलं. पुढे फीट क्वचितच आली, तीही पहाटे, खोलीचं दार लावलेलं असताना.

मला त्या वेळी काय वाटलं ते आजही नीट सांगता येत नाही. आधी राग आला. आमच्या वडिलांनी दोनदा अकोल्याला जाऊन चौकशी केली होती, पत्रिका पाहिली होती, आणि ते काही न कळताच वारले. मग एकेक गोष्ट आठवायला लागली. वकीलसाहेबांनी कधी गाडी चालवली नाही. ताई लूना चालवायची आणि ते मागे बॅग घेऊन बसायचे. आम्ही बहिणी त्यांना भित्रे म्हणून हसायचो. वडाळी तलावावर गेलो की ते पाण्यापासून लांब, झाडाखाली बसायचे. न्हाणीघराची कडी आतून कधी लावायचे नाहीत, ताई बाहेर उभी राहायची, आणि आमची आई कौतुकानं म्हणायची, कुसुम नवऱ्याच्या मागेपुढे करते. सगळं डोळ्यांसमोर घडत होतं. पुरावे तपासून पाहा, सांगोवांगीवर विसंबू नका, असं मुलांना सांगणारी मी, आणि मला काहीच दिसलं नाही. उलट न पाहिलेल्या छताची साक्ष मी शेकडो मुलांना दिली.

"सुखी होती का वं तू?" मी विचारलं.

"होती नं," ती पटकन म्हणाली. मग नवी जुडी ओढून, "तुले खोटं वाटते?"

मला खरं वाटत होतं की खोटं, तेच मला कळत नव्हतं.

पण ताई हे सगळं आत्ताच का सांगत होती? तिनं निवडलेली पानं सुपात ओढली आणि म्हणाली, "इराले फीट आली." इरा म्हणजे तिची नात, पुण्याची, नऊ वर्षांची. अभय, ताईचा एकुलता मुलगा, आणि सूनबाई यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं, शाळेलाही नाही. पोरीला खेळायला सोडत नव्हते, पोहणं बंद, सायकल बंद. सूनबाईनं एक दिवस फोनवर रडत ताईला सांगितलं, आणि वर म्हणाली, आई, कुणाला बोलू नका.

"डाक्टरनं अभयले इचारलं, घरात कोनाले होतं काय. त्यानं नाई म्हनून सांगतलं. त्याले काय मालूम?" ताईचे हात थांबले. "मी त्यायले शब्द देल्ला. आता ते नाईत. मेलेल्या मानसाचा शब्द मोडू का? तू शिकेल हायेस. तू सांग."

माझ्याजवळ उत्तर असायला हवं होतं. सांगून टाक, पोरीच्या औषधाचा प्रश्न आहे, हे म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण ती ज्या खोलीत बसली होती तिथं चाळीसहून जास्त वर्षं तो माणूस मान ताठ ठेवून बसला होता, आणि ती मान ताठ राहावी म्हणून ही बाई रोज त्याच्या न्हाणीघराबाहेर उभी होती. त्यांच्यातलं ते काय होतं, ते मोडायला सांगणारी मी कोण? मी म्हणाले, "ताई, मले नाई कळत."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग आश्चर्य म्हणजे तिला हसू आलं. "मंग झालं तं. मले वाटलं मलेच कळत नाई." उठता उठता म्हणाली, "टाक तुह्या कागदावर खंडवा. उतरू."

आम्ही कोजागिरीनंतर निघालो. बुऱ्हाणपूरला किल्ल्यावर एक म्हातारे पहारेकरी होते, त्यांनी न्हाणीघर दाखवलं. छतावर वेलबुट्टी होती, फिकट झालेली, काही ठिकाणी पोपडे निघालेले. ताई मान मागे टाकून उभी राहिली. तिनं सगळे कोपरे पाहिले, मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत पुन्हा पाहिले. आरसे कुठंच नव्हते.

"बाबा, इथं कधी काळी आरसे होते क्या?" तिनं आपल्या हिंदीत विचारलं.

"हमने तो नहीं देखे, अम्मा," ते म्हणाले. "पहले का अल्ला जाने."

बाहेर आल्यावर ती तापीकडे तोंड करून पायरीवर बसली आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. हसता हसता डोळे पुसायला लागली. "आरसे त्यायनं आपल्याच मनचे लावले, नलू. मले खुश करासाठी." मी तिच्याशेजारी बसले. तिचं चाललंय ते हसणं की रडणं हे ठरवून मगच पाठीवर हात ठेवावा असा विचार करत होते. ठरेना, तेव्हा तसाच ठेवला.

खंडव्याला आम्ही बस धरलीच नाही. स्टेशनाबाहेर पडून ताई आठवणीनं पुढे निघाली, दोनदा चुकली, एका पानवाल्याला विचारलं. धर्मशाळेच्या जागी खाली मोबाइलची दुकानं होती, पण वरचा मजला जुनाच दिसत होता, लाकडी कठड्याचा. तिनं एका खिडकीकडे बोट केलं. "ती." तिथं कुणाच्या तरी लहान मुलांचे कपडे वाळत घातलेले होते. एवढंच. पाहण्यासारखं काही नव्हतं. आम्ही जवळच्या एका लॉजमध्ये एका दिवसासाठी खोली घेतली आणि तीन दिवस राहिलो. उज्जैनची खोली ताईनं स्वतः फोन करून रद्द केली. सकाळी उठायची घाई नव्हती. ती खिडकीत बसायची, मी खाटेवर, आणि ती मला वकीलसाहेबांबद्दल सांगायची, पहिल्यांदाच. "लोक म्हनतात माह्यं लग्न अमरावतीले झालं. ते तं नुसतं जेवन होतं. लग्न इथं झालं," ती म्हणाली. माझ्या कागदावर लिहिलेला निवांतपणा खरोखर मिळाला तो त्या गावात, जिथं आम्हाला फक्त गाडी बदलायची होती.

आता पुन्हा तेच ऊन पडलंय, आणि मी स्वतःला विचारते की तिथं जे झालं ते बरोबर झालं का. पुढचं सांगायचं तर चांगलंच झालं. अभयनं डॉक्टरांना सगळं सांगितलं. शाळेत सांगितलं, वर्गशिक्षिका समंजस निघाल्या. इराच्या गोळ्या बदलल्या, दर महिन्याला होणारा त्रास कमी झाला आहे, पूर्ण गेलेला नाही. सायकल परत मिळाली. अभय मात्र बरेच महिने आईशी तुटक बोलत होता. मला एकदा म्हणाला, "मावशी, मी बाबांना ओळखतच नव्हतो का?" मी म्हणाले, तुझ्याइतकंच मीही. वकीलसाहेबांवरचा माझा राग कधी पूर्ण जातो, कधी दुपारी उगाच परत येतो. माझे वडील फसवले गेले हे खरं आहे. माझी बहीण सुखी होती हेही खरं आहे. ही दोन वाक्यं एका परिच्छेदात कशी बसवायची, ते मला अजून जमलेलं नाही.

पण तो फोन मला स्पष्ट आठवतो. खंडव्यातला तिसरा दिवस, जेवणं झाली होती. ताईनं मला काही विचारलं नाही. चष्मा लावला, अभयचं नाव शोधलं आणि फोन समोर टेबलावर ठेवला, आवाज मोठा करून, मलाही ऐकू यावं म्हणून.

"अभय, डाक्टरनं इचारलं होतं नं तुले, घरात कोनाले होतं का? तुह्या बाबाले होतं."

तो म्हणाला, "काय होतं?"

"इराले हाये, तेच. लहानपनापासून. मी सांगतलं नाई, त्यायनं शब्द घेतला होता. आता मोडला."

"आई, काय बोलून राहिली तू? बाबा चाळीस वर्षं कोर्टात उभे राहत होते."

"हो. राहत होते."

खालून रिक्षांचे हॉर्न येत होते. ताईनं टेबलाची कड धरली होती. मला वाटलं, आता तो फोन ठेवणार. तो ठेवला गेला नाही. लांबून दार उघडल्यासारखा आवाज आला, काही कुजबुज झाली, आणि मग अगदी जवळ एक बारीक आवाज आला.

"आजी? आजोबा पण पडायचे?"

ताईनं माझ्याकडे पाहिलं, मग फोनकडे.

"हो बेटा. पडायचे."

"मग?"

"मग काय, उठायचे. दर वेळेस उठायचे. आणि उठले की आधी चहा मागायचे."